फाइल सर्व्हरवर दिसते, पण साइटवर जुनीच उघडते किंवा सापडत नाही: ‘ऱ्या’ची वारंवार येणारी अडचण

“दादा, साइटवर आमची पाळी सोमवारी रात्री दाखवतीया, आणि हितं तर पाणी दुसऱ्याच्याच रानात चाललंया.”

हा फोन रात्री साडेअकराला आला. बोलणारा शेतकरी बॅटरी घेऊन उसाच्या बांधावर उभा होता. मी सांगलीत राहतो आणि मिरज तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेची साइट सांभाळतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात संस्थेच्या कार्यालयात पाणी शिरलं आणि कपाटातली दप्तरं भिजली. तेव्हापासून पाळीपत्रक, पाणीपट्टीच्या याद्या, सभेच्या नोटिसा, ठराव असं सगळं आम्ही सर्व्हरवर ठेवतो. सर्व्हरवर फाइली चढवायला-उतरवायला कार्यालयातल्या संगणकावर फाइलझिला हे टूल आहे, माझ्याकडे विनएससीपी.

नवं पाळीपत्रक शनिवारीच चढवलेलं होतं. फाइलझिलाच्या उजव्या बाजूला, म्हणजे सर्व्हरच्या यादीत, ते नीट दिसत होतं. साइटवरच्या दुव्यावर दाबलं की मात्र मागच्या आवर्तनाचं पत्रक उघडायचं. असं आधीही दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा मी “फोनमध्ये जुनं पान राहिलं असेल, रीफ्रेश करा” एवढंच सांगून विषय मिटवला. ते चुकलं. माणूस रात्रीची झोप मोडून रानात जातो तो आपल्या पत्रकाच्या भरवशावर, तेव्हा मुळाशी जाणं माझं काम होतं.

त्या रात्री यादी नावानुसार लावली आणि नीट पाहिली. ‘शेतकऱ्यांसाठी पाळीपत्रक’ या नावाच्या दोन पीडीएफ एकाखाली एक होत्या. अक्षर अन् अक्षर सारखं, फक्त तारीख आणि आकार वेगळा. लिनक्सवर, म्हणजे आमचा सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो तिथे, एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहूच शकत नाहीत. म्हणजे डोळ्यांना एक दिसणारी ती नावं सर्व्हरच्या लेखी दोन होती.

कारण आहे ‘ऱ्या’मध्ये. शेतकऱ्यांसाठी, कर्मचाऱ्यांची, व्यापाऱ्यांना, दुसऱ्या, वाऱ्यावर अशा शब्दांतला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिला जातो, आणि तिन्ही पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात.

पहिली तऱ्हा सरळ आहे. ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा क्रमांक यू+०९३१, त्यापुढे हलन्त, त्यापुढे य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून रोमन ‘जे’ची कळ दाबली की हाच ऱ येतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, त्याखाली नुक्त्याचं टिंब यू+०९३सी, मग हलन्त. युनिकोडच्या नियमानुसार पहिली आणि दुसरी तऱ्हा समतुल्य आहे, पण समतुल्य म्हणजे बाइटला बाइट सारखी नव्हे. तिसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे रुंदी नसलेलं, न दिसणारं एक जोडचिन्ह, यू+२००डी. १९९६ मध्ये आलेल्या युनिकोडच्या २.० आवृत्तीच्या काळात अर्धा र असाच लिहायचे. जुना मजकूर बिघडू नये म्हणून ती सोय आजही चालू ठेवली आहे, आणि काही टायपिंगची सॉफ्टवेअरं अजून हीच तऱ्हा वापरतात.

आमच्याकडे या तिन्ही तऱ्हा रोज एकत्र येत होत्या. सचिव अण्णा कार्यालयात इनस्क्रिप्टवर लिहितात, त्यांची पहिली. क्लार्क घरून उच्चाराप्रमाणे टाइप होणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरवर लिहितो, त्याची तिसरी. पत्रकाची मांडणी करणाऱ्या, सांगलीच्या खणभागातल्या छापखान्यात जुना मॅक आहे. त्या काळच्या मॅकची डिस्क फाइलींची नावं अशी जोडलेली अक्षरं फोडून साठवायची, त्यामुळे तिथून झिप करून आलेल्या नावात दुसरी तऱ्हा निघाली. (२०१७ पासून मॅकवर नवी एपीएफएस रचना आली, ती नाव दिलं तसंच ठेवते. छापखान्याचं यंत्र त्याआधीचं आहे.) साइटवरचा दुवा अण्णांच्या लिखाणातून उचललेला होता. तो इमानाने पहिल्या तऱ्हेची फाइल उघडत राहिला, आणि नवं पत्रक दुसऱ्या तऱ्हेच्या नावाने शेजारी पडून राहिलं.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण फाइल चढवतानाच मिळते. तुम्ही जुन्या फाइलीच्या जागी नवी टाकत असाल तर फाइलझिला किंवा विनएससीपी विचारतं, की या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? हा प्रश्न यायला हवा होता आणि आला नाही, तर तिथेच थांबा. सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही नवीच फाइल टाकताय. आमच्या कार्यालयात आता हे सगळ्यांना पाठ आहे: प्रश्न आला नाही तर अण्णांना हाक मारायची.

मात्र कोणीतरी “पुन्हा विचारू नका” ही खूण टिकवून ठेवली असेल तर हा इशारा कायमचा गप्प होतो. आधी ती सेटिंग मूळ जागी आणा.

दुसरी तपासणी बॅकस्पेसची. दोन्ही नावं टूलमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. विनएससीपीत फाइलीवर एफ२ दाबलं की नाव बदलायची चौकट उघडते, तिथून कंट्रोल-सी करता येतं. मग कर्सर ‘शेतकऱ्यां’च्या शेवटी ठेवा आणि ‘शेतक’ उरेपर्यंत बॅकस्पेस मोजत दाबा. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच चिन्ह खोडतो. पहिल्या तऱ्हेत पाच वेळा दाबावं लागतं: अनुस्वार, काना, य, हलन्त, ऱ. उरलेल्या दोन्हींत सहा वेळा. त्या सहांमध्ये मधेच टिंब एकटं खोडलं जाऊन मागे साधा र राहिला तर ती दुसरी तऱ्हा. टिंब कुठेच दिसलं नाही, तर ती अदृश्य जोडचिन्हाची तिसरी.

तिसरी तपासणी पत्त्याची, आणि माझा जास्त विश्वास हिच्यावर आहे, कारण यात डोळ्यांचा संबंध येत नाही. क्रोममध्ये दुवा उघडा, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी अक्षरांच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांब माळ येईल. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. ‘शेतकऱ्यांसाठी’ या एका शब्दात १३ चिन्हं आहेत, म्हणजे ३९ बाइट आणि पत्त्यात ११७ अक्षरं. बाकी दोन तऱ्हांत चिन्हं १४ आणि बाइट ४२. माळेत (रोमन अक्षरांत, मधे टक्क्याची चिन्हं घेऊन) ई०-ए४-बी१ दिसलं तर तो अखंड ऱ. ई०-ए४-बीसी दिसलं तर नुक्ता. ई२-८०-८डी दिसलं तर ते अदृश्य जोडचिन्ह. हे तीन तुकडे एका कागदावर लिहून संगणकाला चिकटवून ठेवा, मला त्यांचा फार उपयोग होतो.

हे तपासण्याआधी दोन साध्या शक्यता मात्र काढून टाका. दुवा ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत उघडा. तिथे नवी फाइल दिसली तर दोष ब्राउझरच्या साठवणीचा आहे, नावाचा नाही. आणि फाइलीच्या शेवटी पीडीएफ मोठ्या रोमन अक्षरांत आहे का ते पाहा. काही स्कॅनर तसं लिहितात. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

नावं मुळातच वाचता येत नसतील तर रोग वेगळा आहे. यादीत मराठीऐवजी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ए आणि त्याच्यामागे चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते ना? ती देवनागरीच आहे. तिच्या तीन बाइटांपैकी पहिले दोन बाइट टूल पश्चिम युरोपच्या अक्षरसंचाप्रमाणे वाचतंय. फाइलझिलात साइट मॅनेजर उघडा, त्या साइटच्या चार्सेट या टॅबवर जा आणि यूटीएफ-८ सक्तीने वापरण्याचा पर्याय निवडा. विनएससीपीत साइटच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये एन्व्हायर्न्मेंट या पानावर फाइलनावांसाठी यूटीएफ-८ ची नोंद आहे, ती ‘ऑटो’वरून ‘ऑन’ करा. फाइलझिलाच्या वरच्या नोंदपट्टीत ‘फेल्ड टू कन्व्हर्ट कमांड टू एट बिट चार्सेट’ अशी लाल ओळ येत असेल तरी उपाय हाच. विंडोजच्या जुन्या आठ-बिटी अक्षरसंचांत देवनागरीला जागाच नव्हती, त्यामुळे यूटीएफ-८ बंद असेल तर टूलला मराठी नाव पाठवताच येत नाही.

हे आजही का सोसावं लागतं, तर एफटीपी, म्हणजे ही टूलं ज्या नियमांनी सर्व्हरशी बोलतात ती पद्धत, फार जुनी आहे. एमआयटीत शिकत असताना अभय भूषण यांनी तिचा पहिला मसुदा लिहिला तो १६ एप्रिल १९७१ ला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेव्हा युनिकोड नव्हता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. फाइलींच्या नावांसाठी यूटीएफ-८ वापरावं असं एफटीपीच्या नियमांत आलं ते १९९९ मध्ये, आरएफसी २६४० या नियमपत्रातून. नुसत्या एफटीपीऐवजी एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत वापरा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. पण एसएफटीपी घेतलं म्हणून ‘ऱ्या’ची अडचण सुटत नाही. दोन्ही टूलं तुमचे बाइट जसेच्या तसे पोचवतात, आणि सर्व्हर ते जसेच्या तसे ताडून पाहतो. बिघाड टूलचा नाही. फाइलझिला काढून दुसरं काही बसवण्यात मी एक आख्खा दिवस घालवला, तुम्ही घालवू नका.

आता साफसफाई. घाईने एक फाइल खोडू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन्ही आधी आपल्या संगणकावर उतरवा, पण दोन वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि उघडून आतलं पत्रक वाचा. सर्व्हरवरची तारीख चढवल्याची असू शकते, पत्रकाची नसते. आमच्याकडे जुन्या पत्रकावर नवी तारीख होती, कारण क्लार्कने ते एकदा चुकून पुन्हा चढवलं होतं. खात्री झाली की नको ती फाइल सर्व्हरवरच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. महिनाभर कोणाची तक्रार आली नाही तर मग खोडा.

फाइली शेकड्यांनी असतील आणि सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून थेट आज्ञा टाइप करून, जाता येत असेल तर लिनक्सचं कन्व्हएमव्ही हे छोटं साधन कामाला येतं. त्याला एनएफसीचा पर्याय दिला की ते फोडलेला ऱ पुन्हा अखंड करतं. नुसतं चालवलं तर कोणती नावं बदलतील एवढंच ते दाखवतं. नोटेस्ट हा पर्याय दिल्याशिवाय एकही नाव बदलत नाही, ही त्याची चांगली सवय. पण एनएफसी अदृश्य जोडचिन्हाला हात लावत नाही. म्हणजे पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होईल, तिसरी तशीच राहील. ती नावं हाताने बदला: विनएससीपीत एफ२, जुना शब्द पूर्ण खोडा, इनस्क्रिप्टवर नव्याने लिहा. मधेच दुरुस्ती करायला गेलात तर ते चिन्ह आत राहून जातं.

साइट वर्डप्रेसवर असेल आणि फाइली तिच्या मीडिया लायब्ररीतून चढवलेल्या असतील, तर त्यांची नावं एफटीपीतून अजिबात बदलू नका. वर्डप्रेस फाइलीचं नाव डेटाबेसमध्येही लिहून ठेवतं. इकडे बदललं की तिकडचा दुवा तुटतो.

यापुढे नावं कशी ठेवायची यावर आमच्या संस्थेत बरीच चर्चा झाली. अण्णांचं म्हणणं, “मराठी माणसांची संस्था, फाइलीला इंग्रजी नाव का द्यायचं?” त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. मराठी नाव देण्यात कुणाची चूक नाही, आणि ‘मराठीत नाव दिलं म्हणून बिघडलं’ असं कुणी म्हणालं तर मी त्याला विरोधच करतो. तरीही आम्ही सर्व्हरवर रोमन लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवायचं ठरवलं. यात मोठं कारण व्हॉट्सअ‍ॅप ठरलं. पाळीपत्रकाचा दुवा गटात टाकला की टक्क्यांची ती माळ दहा-बारा ओळी व्हायची आणि पुढे पाठवताना कोणीतरी अर्धीच कॉपी करायचं. पानावर शेतकऱ्याला जे दिसतं ते शीर्षक पूर्ण मराठीत आहे, पीडीएफच्या आतलं नाव मराठीत आहे. पत्ता कोणी वाचत नाही.

मराठीच नावं ठेवायची असतील तर तीही चालतात, दोन गोष्टी पाळा. सर्व्हरवर जाणारं नाव एकाच माणसाने, एकाच कळफलकावर लिहावं, व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून चिकटवू नये. आणि लांबी जपा. विंडोज नावात २५५ चिन्हं घेतं, लिनक्सची नेहमीची एक्स्ट४ डिस्क २५५ बाइट घेते. देवनागरीत त्याची ८५ चिन्हं होतात, शेवटचं टिंब आणि पीडीएफ धरलं तर ८३. काना, मात्रा, हलन्त सगळं त्यात मोजलं जातं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस’पासून सुरू होऊन सन, ठिकाण, वेळ सांगणारी आपली सरकारी वळणाची नावं सहज ही हद्द ओलांडतात. संगणकावर फाइल ठणठणीत असते आणि सर्व्हर ती घेतच नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

चालू पाळीपत्रकाचं नाव आम्ही कायमचं एकच ठेवलं आहे. दर आवर्तनाला त्याच फाइलीवर लिहितो, आणि जुन्याची प्रत आधी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घालून जुन्यांच्या फोल्डरमध्ये ठेवतो. एकच नाव ठेवल्याने ब्राउझरच्या साठवणीचा त्रास उलट वाढतो, हे खरं. म्हणून साइटवरच्या दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून आवर्तनाची तारीख जोडतो. सर्व्हर तीच फाइल देतो, पण फोनला पत्ता नवा वाटतो आणि तो फाइल नव्याने उतरवतो.

शेवटचं काम जुन्या दुव्यांचं, आणि ते टाळू नका. गावातल्या गटांत मागच्या वर्षांचे दुवे फिरत असतात, आणि कुणाकडे कोणत्या तऱ्हेचा ‘ऱ्या’ आहे ते तुम्हाला कळणार नाही. सर्व्हर अपाची या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर साइटच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत रीडायरेक्टच्या तीन ओळी घाला, तिन्ही तऱ्हांच्या जुन्या नावांवरून नव्या नावाकडे. रीडायरेक्ट हा नियम टक्क्यांची माळ उलगडल्यानंतरचं नाव ताडतो, त्यामुळे ओळीत मराठी नावच लिहायचं, आणि नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत घ्यायचं. ही तीन नावं टाइप करू नका, तुमच्या हातून एकच तऱ्हा उतरेल. तपासणीच्या वेळी टूलमधून कॉपी करून ठेवलेली नावंच चिकटवा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, पण बीओएम, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण, न लावता. बीओएमचे तीन बाइट सुरुवातीला आले तर अपाचीला पहिली ओळ न कळण्याची आणि सगळी साइट ५०० चा एरर दाखवण्याची भीती असते. जतन झालं की तिन्ही जुने पत्ते फोनवरून एकेक उघडून पाहा, आणि नव्या पत्रकावरची आवर्तनाची तारीख वाचूनच ते तपासलं असं धरा.